नगर–पुणे रस्ता आणि दहा सेंटिमीटरची पट्टी

नगरहून पुण्याला जाणारा रस्ता आमच्या जिल्ह्यातील माणसाला तोंडपाठ असतो. कुणी शिकायला जातो, कुणी नोकरीला, कुणी मोठ्या दवाखान्यात पेशंट घेऊन. अंतर सुमारे १२० किलोमीटर. केडगाव, कामरगाव, सुपे, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोली अशी गावे ओळीने येतात आणि एस.टी.त डुलकी लागलेल्या माणसालाही गतिरोधकाच्या धक्क्यावरून कोणते गाव आले ते कळते. गेली तीन वर्षे आमचे कुटुंब हा रस्ता एका निराळ्याच कामासाठी तुडवीत आहे. आमची मुलगी जिम्नॅस्टिक्स खेळते. वय वर्षे तेरा, इयत्ता आठवी. नगरमध्ये आठवड्याचे पाच दिवस सराव आणि महिन्यातून दोन रविवार पुण्याच्या एका वर्गात, खऱ्या साधनांवर.

आमचा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर विस्तार आणि चौदा तालुके. अकोल्याचे डोंगर एका टोकाला, जामखेडचे माळरान दुसऱ्या टोकाला. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी एस.टी.च्या खिडकीजवळ उभा राहिलेला माणूस अजून ‘एक नगर द्या’ असेच म्हणतो. या मुलखाला खेळ नवा नाही. कुस्ती तर घरोघरची. २०२५ च्या जानेवारीअखेर महाराष्ट्र केसरी स्पर्धा नगरच्या वाडिया पार्कवर भरली तेव्हा तालुक्यातालुक्यांतून माणसे लोटली होती. गावात एखादा पोरगा पैलवान निघाला तर त्याच्या दुधाची, बदामाची काळजी गाव करते. परंतु एखादी मुलगी दहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर उभी राहून मागे कोलांटी घेते, यात काय कष्ट आहेत, हे शेजारच्या खोलीतही कुणाला ठाऊक नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी खेळ थोडक्यात सांगतो, कारण आम्हालाही तो मुलीमुळेच समजला. मुलींच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये चार साधने असतात. व्हॉल्टिंग टेबल म्हणजे धावत येऊन हाताच्या रेट्याने पलीकडे घ्यायची उडी. अनइव्हन बार म्हणजे कमी-जास्त उंचीच्या दोन आडव्या दांड्या. बीम म्हणजे पाच मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच पट्टी. आणि फ्लोअर म्हणजे बारा मीटर लांब, बारा मीटर रुंद गादीवर संगीताच्या तालावर केलेली कसरत. मुलांना सहा साधने असतात. याखेरीज चेंडू, रिंग, रिबन घेऊन करायचा रिदमिक हा वेगळा प्रकार. पालक बऱ्याचदा ‘जिम्नॅस्टिक्स’ एवढेच ऐकून नाव घालतात आणि मुलगी नेमके काय शिकते आहे ते वर्षभर विचारत नाहीत. ते पहिल्याच दिवशी विचारावे.

गुणांची पद्धतही समजून घ्यावी. १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला दहापैकी दहा गुण मिळाले. गुणफलकाला दहाचा आकडा दाखविण्याची सोयच नव्हती, म्हणून त्यावर १.०० असे उमटले. २००६ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ती दहाची पद्धत राहिली नाही. आता कसरत किती कठीण आहे याचे गुण वेगळे आणि ती किती स्वच्छ केली याचे वेगळे, दोन्हींची बेरीज होते. बीमवरून खाली पडले की पूर्ण एक गुण जातो. पायाचा अंगठा वाकडा राहिला, गुडघा किंचित वाकला तरी दशांश कापले जातात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पेशाने कारकून, त्यामुळे ही वजाबाकी मला लगेच कळली. मुलीला मात्र ती अंगावर सोसावी लागते.

नगरमधील वर्ग एका साध्या सभागृहात भरतो. गाद्या आहेत, भिंतीला शिडी आहे, दोर आहे. पूर्ण उंचीचा बीम नाही. सरांनी फरशीवर खडूने दहा सेंटिमीटरच्या दोन रेघा मारून सुरुवात करून दिली. पुढे आम्ही पालकांनी वर्गणी काढून एका सुताराकडून लाकडी पट्टी करून घेतली, तिच्यावर जाड कापड ठोकले आणि ती जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवली. मुली त्यावर फुलपाखरासारख्या फिरतात. परंतु तीच पट्टी सव्वा मीटर वर गेली की पाय थरथरतात. रुंदी तेवढीच, लांबी तेवढीच, फक्त खालची जमीन दूर जाते. हा फरक भरून काढण्यासाठीच पुण्याचा रस्ता. पैसे असलेल्या शहरातील मूल रोज ज्या साधनावर चढते, त्या साधनासाठी आमच्या जिल्ह्यातील मुलीला २४० किलोमीटरची येरझार करावी लागते.

रविवारी पहाटे मुलगी आणि तिची आई निघतात. मी क्वचितच जातो. कारण हिशेबाचे आहे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे. आई आणि मुलगी दोघींचे मिळून एक तिकीट होते. मी गेलो तर खर्च दुप्पट. सरकारी योजनांवर आपण टीका करतो, करावीही. पण या एका सवलतीने आमच्यासारख्या कितीतरी घरांतील मुलींचा सराव, शिक्षण आणि दवाखाना शक्य झाला आहे, हेही नोंदवले पाहिजे. आमच्या सौ.ने आयुष्यात माहेर आणि सासर सोडून प्रवास केला नव्हता. आज पुण्यात कोणती बस कोठून सुटते ते ती मला सांगते. मुलीच्या खेळाने आईलाही रस्ता दाखविला.

खेळाडूच्या मागे उभ्या असलेल्या आईची गोष्ट आमच्या जिल्ह्याला नवी नाही. क्रिकेटपटू अजिंक्य रहाणे यांचा जन्म संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा, वाढ डोंबिवलीतील. लहानपणी रिक्षाला पैसे नसत, तेव्हा आई एका कडेवर धाकट्या भावाला आणि एका हातात क्रिकेटची पिशवी घेऊन कित्येक किलोमीटर पायी सरावाला नेत असे, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. मैदानावर दिसणाऱ्या प्रत्येक शतकामागे अशी एखादी पायपीट असते.

शिरूरला घोड नदीचा पूल आला की आमचा जिल्हा संपतो. घरातला विरोधही कुठेतरी असा मागे टाकावा लागला. सुरुवातीच्या दिवसांत नात्यातील एक वडीलधारी बाई घरी आल्या होत्या. मुलगी अंगणात हातावर चालत होती. त्या म्हणाल्या, “अरे, शिकलेसवरलेले तुम्ही, आणि पोरीला डोंबाऱ्याचा खेळ कशाला शिकवता?” त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण तो प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस राहिला.

पाथर्डी तालुक्यात मढी हे गाव आहे. कानिफनाथांची यात्रा तेथे भरते. राज्यभरातील भटक्या जमाती त्या निमित्ताने एकत्र येतात, गाढवांचा बाजार भरतो, आणि एके काळी तेथे जातपंचायतीही बसत. सामाजिक कामानिमित्त अशा यात्रांतून मी हिंडलो आहे. दोन बाजूंना बांबूंच्या कैच्या, मध्ये ताणलेला दोर, खाली बापाचा ढोल आणि वर हातात काठी घेऊन चालणारी सहा-सात वर्षांची मुलगी, हे दृश्य गावोगावच्या बाजारांत आपण सर्वांनी पाहिले आहे. तो दोर बीमपेक्षा कितीतरी बारीक. खाली गादी नाही, जवळ डॉक्टर नाही, पडली तर एक गुण जाणार नाही, हाडच मोडणार. खेळ संपल्यावर ताटलीत नाणी पडतात आणि मुलगी पुढच्या गावाला जाते. शाळा मागे राहते.

तात्पर्य, ‘डोंबाऱ्याचा खेळ’ ही शिवी होऊ शकत नाही. तोल, ताकद आणि धैर्य यांत ती मुलगी कुणापेक्षा कमी नव्हती. कमी होती ती गादी, शाळा आणि मान. एकाच कौशल्याला एका अंगणात भीक मिळते आणि दुसऱ्या सभागृहात पदक मिळते, हा दोष कौशल्याचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. मी त्या बाईंना एवढेच म्हणालो, “मावशी, तोच खेळ आहे. फक्त आता आपल्या पोरीच्या खाली गादी आहे.” त्या हसल्या. पुढच्या खेपेला त्यांनी नातीसाठी शेंगदाण्याचे लाडू आणले.

कपड्यांवरूनही बोलणे झाले. अंगाला घट्ट बसणारा तो पोशाख शोभेसाठी नसतो. सैल कपडा दांडीत अडकला तर अपघात होतो, आणि गुडघा-कंबर सरळ आहे की नाही हे पंचांना दिसावे लागते. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या मुली घोट्यापर्यंत अंग झाकणारा पोशाख घालून उतरल्या. नियमात तो बसतो. म्हणजे मुलीला जे सोयीचे वाटेल ते तिने ठरवावे. मासिक पाळीच्या दिवसांत सराव करायचा की विश्रांती घ्यायची, हेही तिने आणि आईने मिळून ठरवावे आणि प्रशिक्षकांना स्पष्ट सांगावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

रांजणगावच्या पुढे शिक्रापूर आणि मग कोरेगाव भीमा. भीमेच्या काठी पेरणे येथे विजयस्तंभ उभा आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे मानवंदनेला आले होते. दरवर्षी १ जानेवारीला या रस्त्याची वाहतूक वळविली जाते, त्यामुळे त्या दिवशी सराव नाही; आम्ही सर्वजण मानवंदनेला जातो. एरवीच्या रविवारी मुलगी बसच्या खिडकीतूनच हात जोडते. एकदा तिने आईला विचारले, “आई, ते एवढे थोडे लोक घाबरले नसतील का गं?” आई म्हणाली, “घाबरले असतील. तरी उभे राहिले.”

हे बोलणे झाले त्याला कारण होते. गेल्या वर्षी विभागीय शालेय स्पर्धेत मुलगी बीमवरून पडली. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या असतात. आमचा जिल्हा खेळाच्या दृष्टीने पुणे विभागात येतो, तेव्हा सामना पुण्या-पिंपरीच्या तयार मुलींशी असतो. मागे कोलांटी घेताना तिचा हात पट्टीच्या कडेवर पडला आणि ती बाजूला कोसळली. उठली, पुन्हा चढली, कसरत पूर्ण केली. मनगट सुजले होते. निवड हुकली. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी मऊ भाग असतो, तेथे वारंवार दाब आला तर वाढीला धोका पोहोचू शकतो. म्हणून दोन दिवसांत न थांबणारे दुखणे अंगावर काढू नये, असे त्यांनी बजावले.

मनगट बरे झाले, पण भीती बरी होईना. ती जमिनीवरच्या पट्टीवर सर्व काही करी, उंच बीमवर मात्र मागे वळताच थिजून जाई. एका ठिकाणच्या प्रशिक्षकाने सर्वांसमोर तिला ‘भित्री’ म्हटले आणि वजन वाढले म्हणून रात्रीचे जेवण बंद करा असा सल्ला दिला. आम्ही त्या ठिकाणी जाणे बंद केले. नगरच्या सरांनी तिला परत खडूच्या रेघांवर आणले, मग वीतभर उंचीवर, मग खाली गाद्यांची थप्पी रचून दर आठवड्याला एक गादी कमी करीत गेले.

भीती म्हणजे नालायकी नव्हे, हे जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडूनेच दाखवून दिले आहे. अमेरिकेची सिमोन बाइल्स २०२१ मध्ये टोकियोला भर स्पर्धेतून बाजूला झाली. हवेत असताना आपण कुठे आहोत याचे भानच सुटते, असे तिला होत होते. तशा स्थितीत उडी घेणे म्हणजे मानेशी खेळ. तिने ‘नाही’ म्हटले. २०२४ साली पॅरिसला ती परत आली आणि तीन सुवर्ण व एक रौप्यपदक घेऊन गेली. याच अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरने वर्षानुवर्षे शेकडो मुलींवर लैंगिक अत्याचार केले आणि २०१८ मध्ये त्याला दीर्घ तुरुंगवास झाला. मुली बोलत होत्या, मोठी माणसे ऐकत नव्हती. आपल्याकडे २०१२ चा पोक्सो कायदा आहे. पण कायद्याच्या आधी घर आहे. मुलीने ‘मला तिथे जायचे नाही’ म्हटले तर आधी ऐकावे, मग विचारावे.

जेवणाबद्दल थोडे. आमच्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. दोघांना १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातल्या साध्या, कित्येक निरक्षर आणि दलित बायांना शिकवून त्यांनी आरोग्यसेविका केले. त्या बाया मुलांचे वजन करीत, ते मूल वाढते आहे की नाही हे पाहण्यासाठी. वजनकाट्याचा खरा उपयोग तो. खेळणाऱ्या मुलीला भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडी, दूध, शेंगदाणे-गूळ भरपूर लागते आणि वर्षातून एकदा रक्तातील लोह तपासून घ्यावे. उपाशी मुलगी आधी दमते, मग पडते.

खेळातून पुढे काय, असे लोक विचारतात. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. याचा लाभ जरूर घ्यावा आणि प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवावे. परंतु ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाची बनावट प्रमाणपत्रे काढून नोकऱ्या मिळविल्याचे प्रकार याच महाराष्ट्रात उघड झाले आहेत. जो कागद विकत घेतो, तो पहाटेच्या एस.टी.त बसणाऱ्या खऱ्या मुलीची जागा खातो. आरक्षणाचे मोल जाणणाऱ्या समाजाने तरी या पापात पडू नये.

दीपा कर्माकरची कहाणी मी मुलीला सांगतो. त्रिपुरातील आगरताळ्याची मुलगी, तळवे सपाट, जे या खेळात मोठे वैगुण्य समजतात. साधने नव्हती, तेव्हा जुन्या स्कूटरच्या सुट्या भागांपासून उडीची फळी बनविली. प्रशिक्षक विश्वेश्वर नंदी यांनी धीर सोडला नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती १५.०६६ गुण मिळवून चौथी आली, कांस्यपदक अवघ्या ०.१५० गुणाने हुकले. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, उत्तेजकासंबंधी बंदीही भोगावी लागली. तरी २०२४ साली ताश्कंदला तिने आशियाई सुवर्ण जिंकले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवृत्ती घेतली. मी या कहाणीतील बंदीचा भागही गाळत नाही. मुलांना देवता दाखवू नयेत, माणसे दाखवावीत.

वाघोलीच्या गर्दीत बस तासभर अडकते तेव्हा सौ. मुलीचा अभ्यास घेते. धाकटा मुलगा त्या दिवशी माझ्याजवळ असतो. घरातील पैसा आणि वेळ एकाच मुलावर खर्च होत असेल तर दुसऱ्याच्या मनात काय चालते याची विचारपूस पालकांनी करावी. त्याला चित्रकलेची आवड आहे. ज्या रविवारी ताई पुण्याला जात नाही, तो रविवार त्याचा.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघांनी बसून ठरविले. नववी संपेपर्यंत पुण्याच्या फेऱ्या चालू ठेवायच्या. दहावीच्या वर्षी फक्त नगरचा सराव. त्यानंतर पुढे खेळायचे, शिकवायचे की थांबायचे, हे तिने सांगायचे. ती म्हणाली, “पप्पा, मी थांबले तर तुम्हाला वाईट वाटेल का?” मी म्हणालो, “तू न विचारता थांबलीस तर वाटेल.” या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेत तिने मागची कोलांटी घेतली. डुलली, हात पसरले, पण पट्टी सोडली नाही. तिसरी आली.

आपल्या वस्त्यांतून फिरताना बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर उलट्या उड्या मारणारी पोरे-पोरी मी नेहमी पाहतो. पूर्वी त्यांना ‘पडशील, उतर’ म्हणून ओरडत असे. आता थांबून नाव-गाव विचारतो आणि सरांच्या वर्गाचा पत्ता देतो. चार मुले येऊ लागली आहेत, त्यांत दोन भटक्या समाजातील मुली आहेत. त्यांची शाळा सुटू नये हे बघणे आमचे काम. वाचकांनी आपापल्या तालुक्यात एवढे करावे: जिल्हा क्रीडा कार्यालयात जावे, कोणता वर्ग कोठे चालतो ते विचारावे, वर्गात पूर्ण उंचीचा बीम आणि पुरेशा गाद्या नसतील तर लेखी मागणी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. तशी मागणी आम्ही दोनदा दिली आहे. तिसरी पुढच्या सोमवारी देणार आहोत.